पियानोचा ट्यूनर: हातातलं यंत्र जास्त टिकतं की मोबाइलमधलं ॲप?

दोन्हींच्या पडद्यावर पांढरी सहा (A हा सूर) ४४० हर्ट्झला लागते, म्हणून हे घेतलं काय नि ते घेतलं काय, असं वाटतं. पण दोघं बिघडतात निरनिराळ्या जागी. (गिटारचा क्लिप ट्यूनर यात धरलेला नाही. पियानोची सप्तकं किंचित ताणून लावावी लागतात. तो हिशेब त्याला येत नाही.)

आधी एक भीती काढून टाकू. यंत्र जुनं झालं म्हणून खोटा सूर दाखवत नाही. आतला क्वार्ट्झ स्फटिक वर्षाला साधारण दहा लाखांत ५ भाग सरकला, तरी एक सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा हिस्सा) म्हणजे दहा लाखांत ५७८ भाग. दहा वर्षांत चूक जेमतेम सेंटच्या दहाव्या हिश्शाएवढी. कोल्हापुरात मे महिन्यात पारा ३८ वर गेला की नादकाटा आणि ट्यूनर जुळत नाहीत, आणि बोल ट्यूनरला बसतो. खरं तर २० अंशाला घासून जुळवलेला पोलादी नादकाटाच तेव्हा तीनेक सेंट उतरलेला असतो.

यंत्र संपतं ते सेलच्या खणात. न वापरता पावसाळाभर आत राहिलेले अल्कलाइन सेल पाझरतात, पट्ट्यांवर पांढरी-हिरवी पूड धरते. काडीला कापूस गुंडाळून व्हिनेगरचे दोन थेंब घ्या, पूड पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवा आणि खण दिवसभर उघडा ठेवा. पट्टी गंजून तुटली असेल तर बदलावीच लागते. दुसरी कच्ची जागा पिकअपच्या (वाद्याला लावायच्या छोट्या माइकच्या) वायरीचं सॉकेट: वायर धरून ओढली की आतला डाख तडकतो. जून ते सप्टेंबर सेल काढून यंत्र हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

ॲपला गंज नाही, पण त्याचं आयुष्य दुसऱ्याच्या हातात. २०१७ मध्ये आयफोनची आयओएस ११ ही प्रणाली आली आणि जुनी ३२-बिट ॲप्स त्यावर चालेनाशी झाली. म्हणून रोजचं काम असेल तर ॲपसाठी वेगळा टॅबलेट ठेवा आणि आपोआप अपडेट बंद करा. परवाना नव्या फोनवर नेता येतो का, हे पैसे भरण्याआधी विचारा. माइकच्या भोकात पियानोतल्या फेल्टची (दाबलेल्या लोकरीची) धूळ बसते. मऊ कोरडा ब्रश चालेल, टाचणी नको.

वर्षातून दोनदाच सूर लावणाऱ्याने ॲपच घ्यावं. पडून राहिलेलं यंत्र वापरातल्या यंत्राआधी मरतं.