शर्करा-बदलकारी विकरे व आतड्याच्या कर्करोगाचे फलानुमान

प्रथिने व मेदद्रव्ये यांना जोडलेल्या शर्करासाखळ्यांत एकेक घटक जोडणाऱ्या किंवा तोडणाऱ्या विकरांना (एन्झाइमांना) शर्करा-बदलकारी विकरे म्हणतात. मोठे आतडे व गुदाशय यांच्या कर्करोगात या विकरांच्या प्रमाणावरून आजार पुढे कोणते वळण घेईल, याचा अंदाज म्हणजेच फलानुमान बांधता येईल काय, हा या नोंदीचा विषय आहे. आयुर्वेदातील साध्यासाध्यतेचा, म्हणजे रोग बरा होण्याजोगा आहे की नाही याचा, विचार या कल्पनेच्या जवळ जातो. बडोद्यात गुजराती माध्यमातून शिकलेल्या मराठी वाचकाला ‘विकर’ऐवजी ‘उत्सेचक’ हा शब्द ओळखीचा असेल. दवाखान्यात मात्र ‘एन्झाइम’ हाच शब्द चालतो.

प्रथिनाची रचना जनुकाच्या साच्यावरून ठरते, तसा साचा शर्करासाखळीला नसतो. पेशीतील गॉल्जी पिंडात, म्हणजे या साखळ्या जेथे जोडल्या जातात त्या भागात, कोणते विकर किती आहे आणि साखळीच्या एकाच टोकासाठी स्पर्धा करणाऱ्या दोन विकरांपैकी कोणाची सरशी होते, यावर ती अवलंबून असते. या जोडणीसाठी लागणाऱ्या शर्करा-न्यूक्लिओटाइडांच्या (विकराला शर्करा पुरवणाऱ्या रेणूंच्या) शोधाबद्दल लुई लेलुआर यांना १९७० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

कर्कपेशींच्या पृष्ठभागावरील शर्करा वेगळ्या असतात, हे साधारणपणे १९६० नंतरच्या दशकात लक्षात आले. जोसेफ ऑब या संशोधकांना गव्हाच्या अंकुरातून काढलेल्या एका विकरद्रव्यात कर्कपेशींच्या गुठळ्या होताना दिसल्या. हा परिणाम त्या विकराचा नसून त्यात मिसळलेल्या, शर्करेला चिकटणाऱ्या प्रथिनाचा होता, असे पुढे ठरले. हा बदल का होतो, याविषयी मात्र मतभेद राहिले. सेन-इतिरो हाकोमोरी व रेइजी कान्नागी या संशोधकांनी १९८३ च्या सुमारास दोन शक्यता मांडल्या. एकीनुसार निरोगी पेशीत साखळी पूर्ण करणारे विकर कर्कपेशीत कमी पडते आणि साखळी अर्धवट राहते. दुसरीनुसार नव्या विकरामुळे नवीच साखळी तयार होते. कान्नागी यांनी पुढे या दोहोंना काळाचा क्रम लावला. आतड्याच्या निरोगी अस्तरात डायसायलिल लुईस-ए ही पूर्ण साखळी असते (‘सायलिल’ म्हणजे सायलिक अम्ल ही शर्करा जोडलेली). ती पूर्ण करणारे विकर आजाराच्या आरंभी मंदावले की सायलिल लुईस-ए उघडी पडते. पुढे गाठीत प्राणवायू कमी पडू लागला की काही शर्करा-विकरांची जनुके चेतवली जातात व नवनिर्मिती वाढते. उपलब्ध पुराव्याशी हीच मांडणी अधिक जुळते.

सायलिल लुईस-ए व सायलिल लुईस-एक्स या साखळ्या रक्तवाहिनीच्या अस्तरावरील ई-सिलेक्टिन या प्रथिनाला चिकटतात, त्यामुळे कर्कपेशीला दूरच्या अवयवात शिरकाव सोपा होतो, असे मानले जाते. गाठीत सायलिल लुईस-एक्स भरपूर असलेल्या रुग्णांचे आयुर्मान कमी आढळल्याचे जपानी संशोधकांनी १९९३ मध्ये नोंदवले. या साखळीचा प्रतिस्पर्धी म्हणजे बी४गॅलएनटी२ हे विकर होय. ते त्याच टोकाला एन-ॲसिटिल-गॅलॅक्टोसामाइन ही शर्करा जोडून एसडी-ए प्रतिजन ही वेगळी साखळी बनवते, आणि मग तेथे सायलिल लुईस-एक्स तयार होऊ शकत नाही. निरोगी आतड्यात हे विकर विपुल असते, कर्करोगात बहुधा ओसरते. ज्या गाठींत ते टिकून राहते त्या रुग्णांचे फलानुमान चांगले असल्याचे जनुकीय माहितीसाठ्यांच्या अभ्यासात दिसले आहे. येथे घट ही विकराची आहे, वाढ नव्हे, आणि म्हणूनच हे उदाहरण सर्वांत बोलके आहे.

एमगॅट५ हे विकर साखळीला जादा फांद्या फोडते; त्याचे प्रमाण अधिक असल्यास रोगप्रसाराची शक्यता वाढते, असे काही अभ्यास सांगतात. एसटी६गॅल१ या सायलिक अम्ल जोडणाऱ्या विकराचे प्रमाण आतड्याच्या कर्करोगात अनेकदा वाढते. त्यावरून काढलेले फलानुमान मात्र अभ्यासागणिक बदलते. याचे एक कारण मोजणीत आहे. कोणी जनुकाचा आरएनए मोजतो, कोणी प्रथिन, तर कोणी तयार झालेली साखळी. विकर असूनही कच्चा माल नसेल तर साखळी बनत नाही.

अशा विकरांची चाचणी नित्याच्या उपचारात केली जात नाही. गाठ भिंतीत किती खोल गेली आहे, लसिकाग्रंथींत व यकृतात पोहोचली आहे काय, यांवरून ठरणारी अवस्थाच प्रमुख आधार राहते. बडोद्याच्या दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातील रुग्णाच्या हाती येणाऱ्या अहवालात शर्करेशी संबंधित दोन नावे असू शकतात. सीईए हे १९६५ मध्ये मॉन्ट्रियल येथे फिल गोल्ड व सॅम्युएल फ्रीडमन यांनी वर्णिलेले प्रथिन असून त्याच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग शर्करेचा असतो. शस्त्रक्रियेनंतरच्या पाठपुराव्यात ते उपयोगी ठरते. सीए १९-९ म्हणजे वर उल्लेखिलेली सायलिल लुईस-ए हीच साखळी. तिला ओळखून चिकटणारे प्रथिन, म्हणजे प्रतिपिंड, १९७९ मध्ये आतड्याच्या कर्कपेशी वापरूनच मिळवले गेले, तरी तिचा वापर आज मुख्यतः स्वादुपिंडाच्या कर्करोगात होतो. लुईस साखळ्या बनवणारे लुईस विकर जन्मतःच निष्क्रिय असलेल्या व्यक्ती ही साखळी बनवूच शकत नाहीत. युरोपीय वंशाच्या लोकांत त्यांचे प्रमाण सुमारे ५ ते १० टक्के आहे. अशा रुग्णाच्या अहवालातील अत्यल्प आकडा आजार ओसरल्याची खूण धरता येत नाही.