मधूनच तुटणारं कनेक्शन

डेटाबेस पूर्ण बंद पडला, तर कारण लवकर सापडतं. खरी दमछाक करते ती मधूनच येणारी एरर. तासभर सगळं सुरळीत, मग काही सेकंद ‘टू मेनी कनेक्शन्स’, आणि आपण लॉग उघडेपर्यंत पुन्हा ठीकठाक.

अ‍ॅप डेटाबेसशी ज्या जोडणीतून बोलतं ते कनेक्शन; अशी एका वेळी किती घ्यायची याला डेटाबेसमध्ये मर्यादा असते. सेटिंग बदललं नसेल तर पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये साधारण १००, मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये १५१. समजा, सेकंदाला २०० विनंत्या येतात आणि प्रत्येक विनंती २० मिलिसेकंद कनेक्शन अडवते. गुणाकार करा: एका वेळी सरासरी फक्त ४ कनेक्शन वापरात. रांगांच्या गणितात याला लिटलचा नियम म्हणतात. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये तो सिद्ध केला. आता सगळ्यांना लागणाऱ्या एका टेबलावर कुणी लॉक (इतरांना थांबवून ठेवणारं कुलूप) धरून ठेवला, की आलेली विनंती कनेक्शन सोडतच नाही. अर्ध्या सेकंदात १०० कनेक्शन भरतात. गर्दी मात्र वाढलेली नसते! लॉक सुटतो, रांग ओसरते, एरर गायब.

म्हणूनच मर्यादा थेट ५०० करून टाकण्याची घाई मला पटत नाही. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनमागे स्वतंत्र प्रोसेस चालते. ती वाढली की मेमरी आणि सीपीयूवर ताण येतो, आणि लॉक धरणारी क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) होती तिथेच राहते. त्यापेक्षा दर काही सेकंदांनी चालू कनेक्शनची यादी वेळेसकट साठवून ठेवा. एररच्या क्षणाची यादी काढली की बरेचदा ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ असं लिहिलेली एखादी ओळ दिसते: कुणीतरी ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्क्या होणाऱ्या कामांचा गट) उघडलंय, पण कमिट, म्हणजे ते पक्कं, न करता दुसऱ्याच एखाद्या सेवेच्या उत्तराची वाट बघत बसलंय. लॉक त्याच्याकडेच अडकलेला; दुखणं तिथे असतं.

एरर वर्दळ नसताना येत असेल, तर मात्र वेगळीकडे बघावं लागतं. पूलमधलं, म्हणजे पुन्हापुन्हा वापरण्यासाठी उघडं ठेवलेलं कनेक्शन बराच वेळ पडून राहिलं की वाटेतली फायरवॉल ते आपल्या नोंदीतून काढून टाकते, आणि दोन्ही टोकांना त्याचा पत्ताच नसतो. पुढची विनंती तेच मेलेलं कनेक्शन उचलते आणि फसते. लिनक्समध्ये कीपअलाइव्ह (कनेक्शन जिवंत आहे का हे चाचपणारी सोय) चालू असलं तरी पहिली चाचपणी मुळात ७,२०० सेकंदांनी, म्हणजे २ तासांनी होते. ती मुदत फायरवॉलच्या मुदतीच्या आत आणली की ही एरर थांबते.