प्रकल्प सनद
प्रकल्प सनद किंवा प्रोजेक्ट चार्टर हा प्रकल्पाला संस्थेकडून औपचारिक मान्यता देणारा आणि प्रकल्प व्यवस्थापकाला संस्थेची माणसे, पैसा व साधने त्या कामी वापरण्याचा अधिकार देणारा दस्तऐवज होय. तो प्रकल्पाचा प्रायोजक, म्हणजे त्याला निधी व पाठबळ देणारा वरिष्ठ, किंवा प्रकल्प सुरू करणारा अधिकारी काढतो. मसुदा बहुधा नियोजित व्यवस्थापकच तयार करतो, परंतु स्वाक्षरी प्रायोजकाची असावी लागते. स्वतःच स्वतःला अधिकार बहाल केल्यास सनदेला अर्थ राहत नाही. विस्तृत नियोजनापूर्वी लिहिला जात असल्याने हा दस्तऐवज सहसा काही पानांचाच असतो.

या प्रथेचा उगम नेमका कधी झाला याविषयी एकमत नाही. राजे आणि संसदा यांनी व्यापारी कंपन्यांना व नगरांना दिलेल्या सनदांशी तिचे नाते जोडले जाते, पण ते मुख्यतः नामसाम्यापुरते दिसते. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेच्या संरक्षण व अवकाश क्षेत्रांत एकाच कर्मचाऱ्यावर विभागप्रमुख आणि प्रकल्पप्रमुख अशा दोघांचे नियंत्रण असलेली मॅट्रिक्स रचना रूढ होऊ लागली, आणि ज्याच्या हाताखाली स्वतःचा विभाग नाही अशा प्रकल्पप्रमुखाला लेखी अधिकाराची गरज भासली. हे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते. 1955 च्या अखेरीस अमेरिकी नौदलाचे प्रमुख ॲडमिरल आर्ली बर्क यांनी पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पाचे प्रमुख रिअर ॲडमिरल विल्यम रेबॉर्न यांना दिलेले पत्र हा त्याचा बोलका दाखला आहे. लागतील ती माणसे मिळतील आणि अडचण येताच ती थेट वरिष्ठांपर्यंत न्यावी, असा त्या पत्राचा आशय होता. त्याला सनद म्हटले गेले नसले, तरी कार्य सनदेचेच होते.

प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट या 1969 मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकी संस्थेच्या पिंबोक या मार्गदर्शिकेमुळे संज्ञेला स्थिर अर्थ मिळाला. 1996 च्या आवृत्तीत सनद हा व्याप्ती व्यवस्थापनाचा, म्हणजे प्रकल्पात कोणते काम येते हे ठरवण्याचा, भाग होता आणि तिच्यात व्यवसायाची गरज व उत्पादनाचे वर्णन एवढ्याच बाबी आवश्यक मानल्या होत्या. 2004 च्या तिसऱ्या आवृत्तीत ती एकात्मिक व्यवस्थापनात, म्हणजे प्रकल्पाच्या सर्व अंगांचा मेळ घालणाऱ्या भागात, गेली. सनद आणि करार यांचा संबंध हा या आवृत्त्यांमधील लक्षणीय बदल आहे. काम कराराने घेतलेले असेल, तर स्वाक्षरी झालेला करार हीच पुरवठादाराची सनद समजावी, असे 1996 ची आवृत्ती म्हणत असे. 2017 च्या सहाव्या आवृत्तीने मात्र सनद तयार करताना मोबदल्याची देवघेव होत नाही, म्हणून ती करार नव्हे, असे स्पष्ट केले. ही नंतरची भूमिका अधिक सयुक्तिक होय, कारण करार दोन पक्षांमधील देणीघेणी ठरवतो, तर पुरवठादाराच्या संस्थेत कोणी कोणाला आदेश द्यावेत याबद्दल तो बहुधा मौन पाळतो.

सनदेत प्रकल्पाचा हेतू व त्यामागील व्यावसायिक कारण, मोजता येणारी उद्दिष्टे, यशाचे निकष, अपेक्षित निष्पत्ती, मुख्य टप्पे, मंजूर निधी, एकूण जोखीम आणि प्रमुख हितसंबंधी व्यक्ती यांचा समावेश होतो. गृहीतके व मर्यादा पूर्वीपासून नोंदवल्या जात. सहाव्या आवृत्तीत त्यांच्यासाठी स्वतंत्र नोंदवही सुचवली आहे. व्याप्ती लिहिताना कशाचा समावेश नाही हेही सांगणे महत्त्वाचे असते, कारण पुढे वाढत जाणाऱ्या मागण्या याच सीमारेषेवर अडवाव्या लागतात. काम पूर्ण झाल्याचा निर्णय कोण देईल आणि कोणत्या परिस्थितीत प्रकल्प मध्येच बंद करावा, या दोन बाबी आरंभीच ठरल्या नाहीत, तर प्रकल्प रेंगाळतो.

यांपैकी बहुतेक घटकांचा पुढे प्रकल्प आराखड्यात विस्तार होतो. व्यवस्थापकाचे नाव, त्याची जबाबदारी आणि अधिकाराची पातळी मात्र मुळात सनदेनेच निश्चित होते. म्हणून हा तिचा गाभा मानावा लागतो. व्यवहारात नेमके याच भागात ‘आवश्यक ते सर्व अधिकार’ यासारखे मोघम शब्द आढळतात. व्यवस्थापक किती खर्च स्वतः मंजूर करू शकतो, विभागांकडून माणसे मागण्याचा त्याचा हक्क कुठवर आहे, वेळापत्रकातील किती बदल तो परस्पर करू शकतो आणि वाद कोणाकडे न्यावा, हे स्पष्ट लिहिले तरच विभागप्रमुखांसमोर सनद उपयोगी पडते.

अन्य पद्धतींत हे कार्य निरनिराळ्या कागदपत्रांत विभागलेले आहे. ब्रिटनमध्ये विकसित झालेल्या प्रिन्स टू पद्धतीत आधी प्रकल्पादेश, मग संक्षिप्त टिपण आणि शेवटी विस्तृत प्रारंभ-दस्तऐवज असा क्रम असून, वेळ, खर्च, व्याप्ती इत्यादींमध्ये किती विचलन चालेल याच्या सह्य मर्यादा ठरवून व्यवस्थापकाचा अधिकार आखला जातो. अधिकाराच्या बाबतीत ही मांडणी पिंबोकपेक्षा अधिक काटेकोर आहे. युरोपीय आयोगाच्या पीएम-स्क्वेअर पद्धतीत प्रकल्प विनंती व व्यवसाय प्रस्ताव यांच्यानंतर सनद येते. सिक्स सिग्मा या गुणवत्ता सुधारणेच्या पद्धतीतील सनद ‘व्याख्या’ या पहिल्या टप्प्यात तयार होते; तिच्यातील समस्येच्या विधानात कारण किंवा उपाय आधीच गृहीत धरू नये, असा दंडक आहे.

मंजुरीनंतर सनदेत वारंवार फेरफार करणे अपेक्षित नसते. हेतू, निधी किंवा प्रायोजक बदलल्यास सुधारित सनद काढून तिच्यावर पुन्हा स्वाक्षरी घेतली जाते. दैनंदिन बदलांची नोंद आराखड्यात होते.