प्रोस्टेट ब्रॅकीथेरपी: दोन प्लॅनचे डोस ताडून पाहताना

पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधील रेडिओथेरपी विभागांसाठी

ब्रॅकीथेरपीत किरणोत्सारी सोर्स शरीराच्या आतच ठेवून डोस देतात. एका प्लॅनवर १४५ ग्रे (शोषलेल्या डोसचे एकक), दुसऱ्यावर २७, तिसऱ्यावर १५. उपचार तिन्हीकडे प्रोस्टेटचाच, पण हे आकडे थेट शेजारी ठेवता येत नाहीत. १४५ ग्रे कायमच्या बसवलेल्या आयोडीन-१२५ सीड्सचे (बारीक दाण्यांसारख्या सोर्सचे). ते कित्येक महिने मिळत राहतात. २७ ग्रे इरिडियम-१९२ चे, साडेतेराच्या दोन फ्रॅक्शनमध्ये (हप्त्यांत), काही मिनिटांत. १५ चे एकच फ्रॅक्शन बाहेरून २३ फ्रॅक्शनमध्ये दिलेल्या ४६ ग्रेला जोड म्हणून.

तुलनेसाठी प्रत्येक डोस २ ग्रेच्या फ्रॅक्शनमध्ये दिला असता तर किती भरला असता, ते काढतात. इरिडियमच्या प्लॅनसाठी अल्फा-बीटा (ऊतक फ्रॅक्शनच्या आकाराला किती संवेदनशील, याचा आकडा) १.५ धरून सूत्र असे: एकूण डोस × (दर फ्रॅक्शनचा डोस + १.५) ÷ ३.५. साडेतेराच्या दोन फ्रॅक्शनचे ११५.७ येतात, १५ चे ७०.७, अधिक ४६ म्हणजे ११६.७. म्हणजे वरवर इतके वेगळे दिसणारे दोन प्लॅन जवळजवळ सारखेच. गुदाशयासाठी मात्र अल्फा-बीटा ३ घेऊन वेगळा हिशोब करा. सीड्सना हे सूत्र लावू नका. तिथे घटत्या डोस-रेटचा हिशोब लागतो.

पण मुळातला ग्रेच चुकला असेल तर? तुमचा प्लॅन तपासताना आम्ही सगळ्यात आधी सोर्सची तारीख पाहतो. प्रमाणपत्रावर ०४/०३ आहे, म्हणजे ४ मार्च. प्लॅन बनवणाऱ्या सिस्टिमने ते ३ एप्रिल वाचले. इरिडियम-१९२ चे अर्धायुष्य ७३.८ दिवसांचे, म्हणून ३० दिवसांत सोर्स पाऊणपट उरतो. सिस्टिम त्याला ताजा समजून तो सुईत थांबण्याचे सेकंद कमी ठेवते आणि २७ ग्रेऐवजी रुग्णाला जेमतेम साडेवीस मिळतात. डीव्हीएच (किती भागाला किती डोस, याचा आलेख) तरीही सुरेख दिसतो. म्हणून तारीख महिन्याच्या नावानिशी लिहा. आयोडीन सीड्समध्ये अशीच चूक एककाची होते: १ मिलिक्युरी म्हणजे १.२७ यू (सोर्सच्या तीव्रतेचे दुसरे एकक). एकाच्या जागी दुसरे टाकले की २७ टक्क्यांचा घोळ.

पुढची शंका सुईच्या टोकाची. टोक आणि पहिली थांबण्याची जागा यांतले अंतर चुकीचे भरले, तर अख्खा डोस सुईच्या दिशेने सरकतो. सीटीचे स्लाइस ३ मिमीचे असतील तर टोक नेमके कुठे, हेच धूसर असते.

डोस मोजण्याची टीजी-४३ पद्धत सगळे शरीर पाणी मानते. इरिडियमसाठी प्रोस्टेटमध्ये त्याने फारसे बिघडत नाही. आयोडीनची ऊर्जा कमी, त्यामुळे सीड्स एकमेकींच्या आड येतात, कॅल्सिफिकेशनही (साठलेले कॅल्शियम) डोस अडवते. मॉडेलवर आधारित गणितात डी९० (प्रोस्टेटच्या ९० टक्के भागाला मिळणारा किमान डोस) काही टक्क्यांनी खाली येतो. याला सिस्टिमची चूक समजू नका. एका पद्धतीचा डी९० दुसरीच्या डी९० शी ताडायचाच असेल तर कॉन्टूर (अवयवांच्या आखलेल्या सीमा) आणि ग्रिड (डोस मोजण्याची जाळी) दोन्हीकडे तेच ठेवा.

तपासणीसाठी सीटी, स्ट्रक्चर, प्लॅन, डोस या चारही डायकॉम फाइल्स आणि सोर्सचे प्रमाणपत्र पाठवा. रुग्णाचे नाव काढून केस क्रमांक ठेवा. तुमचा डोस आणि आमचा हिशोब यांतली तफावत ५ टक्क्यांच्या वर गेली तर कारण सापडेपर्यंत आम्ही प्लॅनवर सही करत नाही. सुया आत असतानाच उत्तर हवे असेल तर आदल्या दिवशी कळवा, म्हणजे आमचा माणूस फाइल्सची वाट पाहत बसलेला असेल.