उकाडा आणि उंदराची रात्रपाळी

मार्च २०२३ मध्ये हवामान खात्याने गोव्याला उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला आणि शाळा दुपारी बारालाच सोडायचा आदेश निघाला. त्याच दिवसांत म्हादई अभयारण्यात वणवे पेटले होते, ते विझवायला हेलिकॉप्टर आणावी लागली. सत्तरीच्या डोंगरातल्या किंवा पेडण्याच्या सड्यावरच्या, म्हणजे खडकाळ पठारावरच्या, मुठीएवढ्या रानउंदरांचं तेव्हा काय झालं असेल, हे विचारायला कोण जातो! घुबडं आणि धामणी मात्र बऱ्याच अंशी त्यांच्यावर जगतात, म्हणून विचारायला हवं.

उंदराला, पायाचे तळवे सोडले तर, घाम येत नाही. कुत्र्यासारखी जीभ बाहेर काढून धापाही टाकता येत नाहीत. त्याच्याकडे उपाय दोनच, शेपूट आणि लाळ. शेपटीवर केस जवळजवळ नसतातच. अंग तापलं की तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि मोटारीच्या रेडिएटरसारखी आतली उष्णता बाहेर टाकली जाते. पण बाहेरची हवाच अंगाइतकी तापली तर हा उपाय संपतो. मग उंदीर लाळ काढून अंगभर चाटत सुटतो. ती सुकताना अंग थंड होतं. १९६०च्या दशकातल्या प्रयोगांत लाळग्रंथी काढलेले उंदीर उष्णतेत फार काळ तग धरू शकले नाहीत, इतकी ही लाळ महत्त्वाची.

गोव्याची अडचण इथेच आहे. लाळ काय, घाम काय, सुकायला कोरडी हवा लागते. किनाऱ्यावर हवेत इतका दमटपणा असतो की पारा पस्तिशीत असतानाच जीव नकोसा होतो. हवामान खात्यालाही हे ठाऊक आहे. मैदानी भागात उष्णतेच्या लाटेचा विचार ४० अंशांपासून सुरू होतो, किनारी भागासाठी तो ३७ पासूनच, अर्थात पारा नेहमीपेक्षा बराच वर असेल तर.

उंदीर दुपारी बाहेर असतोच कुठे, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. दुपारी जमिनीवर अनवाणी पाय ठेववत नाही, तेव्हाही अर्धा मीटर खाली दिवस-रात्रीचा फरक जवळजवळ जाणवत नाही. बीळ थंडगार नसतं, पण उंदराला थंडगार नकोच असतं. तिशीच्या आसपासचं तापमान त्याला निवांत बसायला अगदी सोयीचं. मात्र धावणं, उकरणं, खाल्लेलं पचवणं या प्रत्येक कामात शरीरात नवी उष्णता तयार होते आणि ती बाहेर टाकायला गार हवा लागते. म्हणून भर दुपारच्या उन्हापेक्षा न निवणारी रात्र उंदराला जास्त महाग पडते, असं मला वाटतं. मे महिन्यात गोव्यात पहाटेसुद्धा पारा पंचविशीच्या खाली क्वचितच उतरतो. उकाडा वाढला की उंदीर वर कमी येतात, हालचाल आखडती घेतात, खाणंही कमी करतात. शिवाय उघड्यावर चांदणं असलं की घुबडाच्या भीतीने ते आधीच दबकून असतात. गार तास आणि काळोखाचे तास जुळले नाहीत, तर पोट भरायला उरतो तरी किती वेळ?

सगळ्यात जास्त झळ बसते ती पिलांच्या आईला. दूध तयार करताना तिच्या अंगात नेहमीपेक्षा कितीतरी जास्त उष्णता निर्माण होते. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ मध्ये एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. दूध पाजणाऱ्या उंदरिणींच्या पाठीवरचे केस त्यांनी भादरले. अंगातली उष्णता सहज बाहेर पडू लागल्यावर त्या जास्त खाऊ लागल्या, दूध वाढलं आणि पिलंही जास्त वजनदार झाली. म्हणजे दूध अडलं होतं ते अन्नाच्या तुटवड्यामुळे नव्हे, तर उष्णता बाहेर पडायला वाट नसल्यामुळे. रानातल्या उंदरिणीचे केस कोण भादरणार? उकाड्यात ती पिलांना बिलगून कमी बसते, दूध कमी देते, आणि पिलं किरकोळ राहतात.

खारीचं गणित निराळं, ती दिवसा वावरणारी. सकाळ-संध्याकाळ धावपळ आणि दुपारी सावलीतल्या फांदीवर पोट टेकून, चारी पाय पसरून आडवं पडणं, हा तिचा उपाय. दक्षिण आफ्रिकेतली जमिनीवर राहणारी एक खार तर शेपूट पाठीवर उभारून स्वतःच्याच सावलीत चरते.

गोव्यात जागेनुसारही फार फरक पडतो. कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, दाट सावली, पाटाचं पाणी आणि भुसभुशीत माती, त्यामुळे बीळ हवं तितकं खोल नेता येतं. सड्यावर जांभ्याच्या कातळावर माती जेमतेम वीतभर, आणि कातळ दिवसभराची उष्णता रात्री सोडत बसतो. तिथल्या उंदराला भेगा आणि कपारींवरच भागवावं लागतं. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेतजमिनीच्या, बांधात मातीची वाण नाही, पण खारं पाणी बिळाला फार खोल जाऊ देत नाही. कुळागर तोडून तिथे प्लॉट पाडले की उंदरांची सोयीची जागा नाहीशी होते आणि मागे त्यांना गैरसोयीची तेवढी उरते. प्लॉटच्या हिशेबात हे कुणी मांडत नाही.

अभ्यास करणाऱ्यांनाही उन्हाळा जाचतो. जिवंत उंदीर पकडायचे पत्र्याचे पिंजरे उन्हात भट्टीसारखे तापतात आणि आतला जीव मरू शकतो. त्यामुळे ते तिन्हीसांजेला मांडून ऊन चढायच्या आत तपासावे लागतात. एवढं करून मेमध्ये कमी उंदीर सापडले, तर ते मेले की बिळातच बसून राहिले, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. त्यासाठी त्याच जागी पाऊस सरल्यावर पुन्हा पिंजरे लावावे लागतात.