पाण्याचं बिल अवाच्या सवा आलं? दुरुस्तीचा अर्ज नेमका कुठे अडतो

पाणीबिलाच्या तक्रारीचे अर्ज मी बरेच वाचलेत, आणि लोकांना लिहूनही दिलेत. दहापैकी आठ अर्जांत एकच वाक्य असतं: ‘सदर बिल अवास्तव आले असून ते कमी करून मिळावे.’ असा अर्ज परत येणार हे वाचतानाच कळतं. खिडकीपलीकडच्या माणसाला तुमचं घर दिसत नाही, घरात माणसं किती तेही दिसत नाही. त्याच्यापुढे फक्त दोन आकडे असतात, मागचं रीडिंग आणि चालू रीडिंग. चालू आकडा चुकीचा टिपलाय, की आकडा बरोबर असून आकारणी चुकली आहे, की मीटर बिघडलाय, की पाणी खरोखरच कुठेतरी वाहून गेलंय, या चारपैकी नेमकं काय झालं ते अर्जदारानेच सांगावं लागतं. आणि अडचण अशी की या चारही गोष्टींचे अर्ज वेगळे असतात.

एक आजी दोनदा अर्ज करून माझ्याकडे आल्या होत्या. घरात तीन माणसं, दोन महिन्यांचं बिल 3,741 युनिटचं. एक युनिट म्हणजे एक घनमीटर, म्हणजे 1,000 लिटर. 10,000 लिटरचा टँकर धरला तर हे 374 टँकर पाणी झालं, रोजचे सहा! आजींनी दोन्ही वेळा ‘नादुरुस्त मीटर’ या सदरात अर्ज केला होता. माणूस आला, मीटर पाहिला, ‘मीटर सुस्थितीत’ असा शेरा मारला आणि अर्ज निकाली निघाला. शेरा खराच होता, मीटर उत्तम चालत होता. चूक रीडिंगमध्ये होती. डायलवर काळे आकडे 00412 आणि त्यानंतर लाल 7. टिपणाऱ्याने लाल आकडाही धरून 4127 लिहिलं होतं. मागचं रीडिंग 386. म्हणजे खरा वापर 26 युनिट. मीटरपाशी गेलेल्या माणसाला हे दिसलं नसेल का? दिसलं असेल, पण अर्जाचं सदर ‘नादुरुस्त मीटर’ होतं, म्हणून त्याने तेवढंच तपासलं. म्हातारं माणूस दोनदा जिने चढून येतं आणि एकालाही वाटत नाही की बिल हातात घेऊन आकडा जुळवून पाहावा, याचा मला आजही राग येतो.

म्हणून अर्ज लिहिण्याआधी झाकण उघडून मीटर स्वतः वाचा. काळे आकडे म्हणजे पूर्ण युनिट, बिल तेवढ्यावरच. लाल आकडे, किंवा काही मीटरवर लाल काटे, युनिटचे अंश दाखवतात. मीटरचा नंबर बिलावरच्या नंबराशी ताडून पाहा. जिन्याखाली सहा मीटर ओळीने बसवलेले असतात तिथे शेजाऱ्याचं रीडिंग आपल्या नावावर पडलेलं मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलंय. मग तारखेसकट फोटो काढा, त्यात मीटर नंबर आणि आकडे दोन्ही स्पष्ट दिसले पाहिजेत. काच घाणेरडी असेल तर आधी ओल्या फडक्याने पुसा. धुरकट फोटोमुळेही अर्ज परत आलेले आहेत.

वापर खरोखर किती असायला हवा, याचा अंदाज घरीच काढता येतो. भुयारी गटार असलेल्या शहरांसाठी नियोजनात माणशी रोज 135 लिटर धरतात. पाच माणसांना 675 लिटर, महिन्याला साधारण 20 युनिट. तुमचं बिल याच्या दुप्पट-तिप्पट असेल तर तक्रारीआधी गळती शोधा. ‘सगळे नळ बंद करून मीटर फिरतोय का बघा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. चोवीस तास पाणी असेल आणि ते थेट घरात येत असेल तर तो बरोबर आहे. पण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पाणी ठरावीक वेळी येतं, मीटरमधून जमिनीखालच्या टाकीत पडतं आणि तिथून पंपाने गच्चीवर चढतं. अशा घरात नळ बंद केले तरी टाकी भरेपर्यंत मीटर फिरणारच, आणि पाणी गेल्यावर कितीही गळती असली तरी तो थांबणारच. तेव्हा तपासणी दोन टप्प्यांत करा. पाणी आलेलं असताना टाकीच्या तोंडाशी असलेला व्हॉल्व्ह बंद करा. तरीही डायलवरची छोटी चकती फिरत राहिली तर मीटर ते टाकी या पाइपात गळती आहे. मग रात्री पाणी येत नसताना, पंप बंद ठेवून, खालच्या टाकीत काठीने पातळीची खूण करा आणि पहाटे पुन्हा पाहा. पातळी उतरली असेल तर टाकीला चीर आहे. फ्लोट बॉल (टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता गोळा) अडकून पाणी ओसंडत असेल तर ते पाणी येण्याच्या वेळी उभं राहिल्याशिवाय कळत नाही, कारण ते सरळ गटारात जातं. फ्लशच्या टाकीतून येणारी बारीक धारही कमी समजू नका. लिटरची बाटली चार मिनिटांत भरेल एवढी धार असेल तर दिवसाला 360 लिटर, महिन्याला जवळजवळ 11 युनिट जातात.

गळती आपल्या हद्दीत निघाली तर बिल माफ होत नाही, हे कटू असलं तरी आधीच समजून घ्या. ती दुरुस्त करून प्लंबरची पावती जोडा आणि हप्ते मागा.

सर्वांत जास्त लोक फसतात ते सरासरी बिलात. घर बंद होतं, मीटरवर गाडी उभी होती, खड्ड्यात पाणी साचलं होतं, अशा कारणाने रीडिंग मिळालं नाही की सरासरीने बिल येतं. ते कमी असतं, म्हणून माणूस खूश असतो. मग एके दिवशी खरं रीडिंग होतं आणि साठलेले सगळे युनिट एकाच बिलात येऊन पडतात. दर चढते असतात, म्हणजे वापर वाढला की पुढच्या युनिटचा भावही वाढतो. समजा, महिना 20 युनिटपर्यंत 10 रुपये आणि पुढे 20 रुपये असा दर आहे. तुमचा खरा वापर महिना 20 युनिट. पाच महिने सरासरी 10 युनिटने 500 रुपये घेतले. सहाव्या महिन्यात 70 युनिट लागले, बिल 1,200. एकूण 1,700. दर महिन्याला नीट रीडिंग झालं असतं तर 1,200च भरावे लागले असते. हे 500 रुपये परत मागण्याचा अर्ज ‘बिल जास्त आले’ असा लिहायचा नाही. ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत रीडिंग न घेता सरासरी आकारणी झाली आहे, तरी सदर युनिट त्या महिन्यांत विभागून आकारणी करावी’ असं लिहा आणि त्या सर्व महिन्यांची बिलं जोडा. बिलावर रीडिंगच्या जागी ‘सरासरी’, ‘घर बंद’ किंवा ‘मीटर बंद’ असा शेरा असतो, त्याला गोल करा. मुंबईत हा फरक आणखी बोचतो, कारण तिथे पाणीपट्टीच्या 70 टक्के मलनिःसारण (सांडपाण्याचा) आकार वर लागतो.

मीटर खरंच संशयास्पद वाटत असेल तेव्हाच ‘नादुरुस्त मीटर’ हे सदर निवडा आणि चाचणीची मागणी करा. भारतीय मानकानुसार (आयएस 779) घरगुती मीटरला नेहमीच्या प्रवाहात 2 टक्क्यांपर्यंत आणि अगदी कमी प्रवाहात 5 टक्क्यांपर्यंत कमी-जास्त चालतं. बिल तिप्पट आलं असेल तर त्याचं कारण सहसा यात सापडत नाही.

कागदपत्रांत बिलं, भरल्याच्या पावत्या, ओळखपत्र, मालमत्ता कराची पावती लागते, ती बहुतेकांकडे असते. अडतं ते नावावर. नळजोडणी अजूनही वारलेल्या आजोबांच्या नाहीतर बिल्डरच्या नावावर असते आणि खिडकीवर सांगतात, ‘मालकाला पाठवा.’ अशा वेळी तक्रार अडवून ठेवू नका. अर्जात जोडणी ज्यांच्या नावे आहे ते नाव, तुमचं त्यांच्याशी नातं आणि तुम्ही तिथे राहता याचा पुरावा द्या. ‘मालकी हक्कात बदल’ हा अर्ज वेगळा करा, आणि त्याआधी मालमत्ता कराच्या नोंदीवर स्वतःचं नाव चढवून घ्या, कारण नळाच्या नोंदीसाठी बहुधा तोच कागद मागतात. खरेदीखत असेल तर सूची क्रमांक 2 (‘इंडेक्स टू’, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा), वारस असाल तर वारसाचे कागद.

आता मुदतीबद्दल. तक्रार दिली म्हणजे बिल भरायची तारीख पुढे गेली, असा समज घट्ट बसलेला आहे. तसं होत नाही. मुंबईत थकलेल्या पाणीबिलावर महिन्याला 2 टक्के अतिरिक्त आकार चढतो. तक्रार खरी ठरेपर्यंत तोच आकडा फुगलेला असतो. म्हणून वादाचा भाग सोडून मागच्या बिलांइतकी रक्कम ‘हरकत राखून’ भरून घ्यावी, अशी लेखी विनंती अर्जासोबतच द्या.

आणि पोच घ्या. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली पाणी देयक तयार करणं, मालकी हक्कात बदल, नादुरुस्त मीटरची तक्रार या नागरी संस्थांच्या अधिसूचित सेवा आहेत. अर्ज मिळाल्याची पोच देणं बंधनकारक आहे. अर्ज फेटाळला तर तो आदेश हातात पडल्यापासून, आणि सेवेची मुदत उलटूनही उत्तर आलं नाही तर मुदत संपल्यापासून 30 दिवसांत पहिलं अपील करायचं असतं. कित्येकांना तर फेटाळल्याचं पुढच्या बिलावरूनच कळतं. पत्र कधी मिळालं ती तारीख लिहून ठेवा, पाकीटही जपून ठेवा. विनाकारण सेवा नाकारणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंडाची तरतूद याच कायद्यात आहे, पण तारखेचा शिक्का असलेली पोच नसेल तर अपिलात दाखवायला हातात काहीच राहत नाही. साध्या कागदावर अर्ज देऊन ‘साहेब बघतील’ एवढ्यावर परतलेल्या माणसांचे अर्ज पुन्हा पहिल्यापासून लिहावे लागतात.

आजींचा तिसरा अर्ज चार ओळींचा होता: मागचं रीडिंग 386, बिलावरचं चालू रीडिंग 4127, मीटरवर प्रत्यक्षात 412, सोबत फोटो. बिल त्याच महिन्यात दुरुस्त होऊन आलं.