पीट कुत्रा आणि ती पोरांची गँग

'डॉग हेवन' ही १९२७ची मूक शॉर्ट फिल्म, 'अवर गँग' या पोरांच्या विनोदी मालिकेतली, दोन रिळांची, म्हणजे वीसेक मिनिटांची. पीट नावाचा कुत्रा जीव द्यायला निघालाय, कारण त्याच्या मालकाला, जाड्या ज्योला, मैत्रीण मिळालीय आणि आता त्याला कुत्र्याची आठवणच राहिली नाही, मग पीट आपली रडकथा दुसऱ्या एका कुत्र्याला सांगतो. कॉमेडी आहे बरं का ही!

असलं काही सुचायचं मूळ पाच-सहा वर्षं मागे आहे. निर्माता हॅल रोचचा कॅलिफोर्नियात कल्व्हर सिटीला स्टुडिओ होता. त्याचाच किस्सा, की एक मेकअप थापलेली मुलगी ऑडिशनला पाठ केलेलं सगळं म्हणून दाखवत होती, हा कंटाळला आणि खिडकीतून बघतो तर समोर लाकडाच्या वखारीपाशी पोरं फळकुटांवरून भांडतायत, सगळ्यात बारक्याने सगळ्यात मोठं फळकूट पकडलंय आणि सोडायला तयार नाही. रोच साहेब पंधरा मिनिटं तेच बघत राहिले. किस्सा थोडा रंगवलेला असणार, पण १९२२मध्ये 'अवर गँग' सुरू झाली हे खरं.

दिग्दर्शक रॉबर्ट मॅकगोवन, आधी डेन्व्हरला फायर ब्रिगेडमध्ये होता. यातल्या बऱ्याच पोरांना धड वाचताही येत नव्हतं, त्यामुळे स्क्रिप्ट देऊन उपयोग शून्य. पण सिनेमा मुका होता ना, कॅमेरा चालू असताना हा मेगाफोन घेऊन ओरडायचा, इकडे बघ, आता पळ, आता रड, आणि पोरं तसं करायची. कुत्र्यालाही ट्रेनर तसाच बाजूने हाका मारू शकतो, म्हणजे पोरं आणि कुत्रा एकाच लेव्हलला! मला वाटतं त्या फिल्म इतक्या मोकळ्या दिसतात त्या यामुळेच.

गँगमध्ये अर्नी मॉरिसन, फरिना अशी काळी पोरं गोऱ्यांबरोबर खेळताना दिसायची, त्या काळच्या अमेरिकेत ही मोठीच गोष्ट. अर्थात त्यांच्यावरचे काही विनोद आज बघवत नाहीत, तेही आहेच.

पीटचं खरं नाव पाल. आधी तो बस्टर ब्राऊन या कॉमिकमधल्या पोराच्या शॉर्ट फिल्ममध्ये त्याचा कुत्रा टाइग व्हायचा, डोळ्याभोवतीची ती काळी रिंग तिथूनच आलेली, मेकअपची.

१९२९ला 'स्मॉल टॉक'पासून गँग बोलायला लागली आणि मॅकगोवनचं ओरडणं बंद, आता माइक सगळं ऐकणार. पोरांना डायलॉग पाठ करायला लागले, म्हणजे रोच ज्याला कंटाळला होता नेमकं तेच. १९३०ला पालला कुणीतरी विष घातलं. मग त्याच्याच पिल्लाला पीट केलं, फक्त रिंग दुसऱ्या डोळ्याभोवती गेली.